डेलच्या कानातला आवाज

९ मे, शनिवार

आज माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये डेल व्हुकेलिच ‘बर्फ सुटलं की’चं दुसरं कडवं विसरला. ‘लँटर्न लेक’ बँडचं हे गाणं आमच्या आयर्न रेंजवर, ह्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखात, शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ज्याने ते लिहिलं, इतकी वर्षं गायलं, तोच माईकसमोर तोंड उघडं ठेवून उभा. आर्विड माकी गिटारवर तीच सुरावट गोल गोल फिरवत राहिला. लोक आधी हसले, मग गप्प झाले.

मी नेहमीसारखी पहिल्या रांगेत, स्टेजला पोट टेकवून. माझे ओठ चालूच होते, ते कायमच चालू असतात. डेलची भिरभिरती नजर माझ्यावर आली, ओठांवर थांबली, आणि त्याने कडवं उचललं. ‘होड्या पडल्या पालथ्या, माझंही तसंच काहीसं.’ पुढे शेवटपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघून गायला. हॉलमध्ये एवढी माणसं, पण तो फक्त माझ्याकडे बघत होता.

गाडीकडे जात होते तर आर्विड मागून धापा टाकत आला. “तूच ना ती स्कूल बसवाली? मार्लिस?”

त्याला माझं नाव माहीत होतं!

“सगळी गाणी येतात तुला?”

“सगळी. तुम्ही कधी रेकॉर्ड केली नाहीत तीसुद्धा.”

“गुरुवारी माझ्या गॅरेजमध्ये ये. आणि कुठे बोलू नकोस.”

लेरॉयला सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही कुठे बोलणं नव्हे. तो गळ साफ करत बसला होता. “आली म्हणायची तपश्चर्या फळाला,” तो म्हणाला. “आता तो तुझ्यासाठी गाणार, की तू त्याची भांडी घासणार?”

घासेनसुद्धा.

१४ मे, गुरुवार

आर्विडचं गॅरेज. एका भिंतीला बर्फ ढकलायचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला ड्रम, आणि मध्ये ते सगळे. माझ्या टेपरेकॉर्डरमधली माणसं, खरीखुरी, कागदी पेल्यातून कॉफी पीत.

आर्विडने मला बाजूला घेतलं. “डेलला ब्लड प्रेशरच्या नव्या गोळ्या लागल्यात. त्यांनी विसरायला होतं. डोस बसला की ठीक होईल. तोवर त्याच्या कानात एक बारीक स्पीकर घालायचा, आणि तू पडद्यामागून छोट्या माईकमध्ये ओळी सांगायच्या. कागद बघून सांगणारा मागे पडतो. तुला कागद लागणार नाही.”

डेलने माझा हात हातात घेतला. “मी डेल. आपण आधी भेटलोय का?”

कितीदा तरी भेटलोय. एकदा माझ्या प्लॅस्टरमधल्या हातावर त्याने सही केली होती. पण त्याला रोज शेकडो लोक भेटतात, तो कुणाकुणाला लक्षात ठेवणार? मी म्हटलं, “मी मार्लिस. तुमचं गाणं ऐकते.”

“वा,” तो म्हणाला. “कोणतं?”

काय पण थट्टेखोर माणूस.

त्याची बायको जोनेल कोट न काढता दाराशी बसली होती. मी हसले, तिने फक्त मान हलवली. तिच्याबद्दल लोक म्हणतात ते खरंच असावं, की तिला बँडचं कधी कौतुक नव्हतं.

जमायला वेळ लागला. फार आधी सांगितलं की तो गडबडतो, उशिरा सांगितलं की अडखळतो. तो श्वास घेतो त्या श्वासातच शब्द टाकावा लागतो. संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास मला स्वतःच्या श्वासासारखा कळायला लागला.

३० मे, शनिवार

जमलं! पहिला कार्यक्रम. मी पडद्यामागे फळकुटावर बसले होते. समोर फटीतून दिसत होते डेलचे बूट आणि अर्धी पाठ. एकही ओळ चुकली नाही. मी कुजबुजायची, आणि पुढच्या क्षणी तेच शब्द त्याच्या आवाजात, भरून, गरजत, हॉलभर. शाळेत मला बाईंनी गायनाच्या रांगेत नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं, कारण मी सगळ्यांना बेसूर करायची. आज माझ्याच तोंडचे शब्द ऐकून माणसं रडत होती.

आर्विडने मिठी मारली. डेल म्हणाला, “आज कुणीतरी मला मदत केली. छान बाई होती.”

“मीच ती,” मी म्हटलं.

“हो का?” तो म्हणाला, आणि हसला.

१२ जून

शाळा संपली. आता सप्टेंबरपर्यंत बस आगारात आणि मी बँडची. लेरॉयने आज स्वतःच तळ्यावर होडी लावली, दरवर्षी आम्ही दोघं लावतो. मीच म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते तुझ्याबरोबर. “सवड झाली तर ये,” म्हणाला.

२० जून, शनिवार

कॅसिनोतला कार्यक्रम. व्हॅनमध्ये डेल माझ्या शेजारी बसला, तोही आपणहून. वाटेत भूर्जाची झाडं मोजत होता, मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून. मग आर्विडकडे बोट करून हळूच म्हणाला, “तो पुढे बसलाय तो कोण? गिटार बरी वाजवतो.”

मी खो खो हसले. चाळीस वर्षांची दोस्ती आहे दोघांची! डेलही हसला, पण माझं हसणं सुरू झाल्यावर. आर्विड हसला नाही, सरळ रस्त्याकडे बघत राहिला. त्याचा स्वभाव जरा कोरडाच आहे.

कार्यक्रम झक्क झाला. फक्त एकदा मी घसा खाकरला तर तोही खाकरला, अगदी माईकमध्ये. ड्रमवाला नंतर मला चिडवत होता, “मार्लिस, तुला शिंक आली तर काय करायचं गं आम्ही?”

४ जुलै, शनिवार

दुपारी चारला बागेत कार्यक्रम होता. स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक संपली आणि डेल दिसेना. आम्ही पांगलो. मला तो गाड्यांच्या गर्दीत सापडला, लोकांच्या गाड्यांची दारं ओढून बघत होता.

“काय शोधताय?”

“माझा डबा. शिफ्टला उशीर होतोय. मुकादम खवळेल.”

तो खाणीत होता ते बँड नावारूपाला यायच्या आधी. ती खाण केव्हाच बंद पडली, आता तिच्यात पाणी भरलंय आणि पोरं पोहतात. मी म्हटलं, “आज सुट्टी आहे, डेल. झेंडे बघा ना.” त्याने झेंड्यांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. “मला कुणी सांगितलं नाही,” म्हणाला.

जोनेल धावत आली. तिने त्याच्या कोपराला धरलं. “बस झालं आर्विड. मी ह्याला घरी नेते.”

“अगं, बाग भरलीय माणसांनी,” आर्विड म्हणाला. “ऑगस्टच्या जत्रेपर्यंत रेट. मग थांबू, शब्द देतो. लोकांना त्याचा निरोप तरी घेऊ दे.” मग तो माझ्याकडे वळला. “मार्लिस, तू त्याच्या कानात असतेस. तूच सांग. जमेल त्याला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जोनेलही. तिची नजर माझ्या तोंडावर अशी खिळली होती, जशी त्या दिवशी डेलची खिळली होती.

“जमेल,” मी म्हटलं. “एकदा स्टेजवर चढला की तो वेगळाच असतो.”

आणि जमलंच! ‘शिफ्टनंतर’ हे गाणं त्याने असं गायलं की म्हाताऱ्या खाणकामगारांनी टोप्या काढल्या. जोनेलने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती गाडीत काचा वर करून बसली होती.

१९ जुलै, रविवार

वाटलं आपणच पुढाकार घ्यावा. रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून पाई भाजली आणि जोनेलकडे गेले. डेल मागच्या अंगणात खुर्चीत झोपला होता, तोंड उघडं. ती म्हणाली, “हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय.”

कपात कॉफी ओतताना तिची बाही वर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं.

“पडलात?”

“डेल.”

ती समोर बसली. पाई कापली, पण खाल्ली नाही. “प्रत्येक कार्यक्रमानंतर हा दोन-दोन दिवस झोपत नाही. घरभर कुणाला तरी शोधतो. कपाटं उघडतो, पलंगाखाली बघतो, तळघरात उतरतो. ‘ती कुठे गेली, आत्ता तर बोलत होती,’ हेच चालू. परवा मी दारात आडवी गेले तर मला ढकललंन्. आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं ह्या माणसाने मला.”

“गोळ्यांमुळे असेल. डोस बसला की...”

“कसल्या गोळ्या?” ती म्हणाली. “डुलुथच्या डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय. स्मृतिभ्रंश आहे, आणि वेगाने वाढतोय. आर्विडला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग तुम्ही थांबवलं का नाही?”

“थांबवलं होतं. लीजन हॉलचा कार्यक्रम शेवटचा ठरला होता. तो मध्येच बंद पडला असता, लोकांना कळलं असतं, विषय संपला असता.” ती माझ्याकडे बघत राहिली. “मग तू ओठ हलवलेस.”

मी पाईची थाळी तिथेच विसरून आले.

आता शांत डोक्याने विचार करते. डॉक्टर त्याला खोलीत बसवून तपासतात, स्टेजवर कुठे बघतात? आणि जोनेल थकलीय, थकलेल्या माणसाला सगळं काळंच दिसतं. जत्रा तर आलीच आता. तो कुणाला शोधतो ते मात्र राहून राहून मनात येतं. बहुतेक आई असेल. अशा माणसांना शेवटी आई आठवते म्हणतात.

२१ जुलै

लेरॉयशी कडाक्याचं भांडण. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, धीर देईल. तो म्हणाला, “अख्ख्या गावाची पोरं तू सांभाळून नेतेस आणतेस. एखादं पोर रडायला लागलं तर बस थांबवतेस. इथे का नाही थांबवत?”

“तो पोर नाही. तो डेल व्हुकेलिच आहे.”

“तेच तर.”

“तुला गाण्यातलं काय कळतं?”

“काही नाही. पण माणूस गातोय की त्याला गायला लावलंय, एवढं कळतं.”

मी वर येऊन दार लावून घेतलं. मी नाही म्हटलं तर ते दुसरं कुणीतरी बसवतील, कागद बघून वाचणारं. त्यात डेलचे हालच. आज त्या जागी निदान जीव लावणारी बाई आहे.

आणि खरं लिहायचं तर, मला ती जागा सोडवत नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार

जत्रा. लिहिणं होत नाही, पण लिहिलं नाही तर झोपही येणार नाही.

दुपार, तंबूत उकाडा, बाजूला गुरांचे गोठे, तळलेल्या पिठाचा वास. माणूस माणसाला लागून. आर्विडने जाहीर केलं होतं की हा निरोपाचा कार्यक्रम, म्हणून लांबलांबून आले होते. जोनेल स्टेजच्या पायऱ्यांशी उभी होती. मी पडद्यामागे.

पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्याला डेलची मान खाली गेली. आवाज छातीत पडायला लागला. मी नुसतं म्हटलं, “मान वर करा, डेल.”

“मान वर करा, डेल,” तो गायला. चालीत, मोठ्यांदा.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी घाबरून म्हटलं, “नाही, नाही.”

“नाही, नाही.”

आता हशा आणि टाळ्या. ड्रमवाल्याने हशा झाकायला जोरात वाजवलं. मी तोंडावर हात दाबला. मी गप्प झाले तर डेलही गप्प. आर्विड माझ्याकडे बघून हाताने खुणावत होता, दे, पुढची ओळ दे. मी ओळ दिली. डेलने ती म्हटली, पण गायली नाही. पुढची दिली, तीही तशीच. सूर नाही, ताल नाही. दुकानात सामानाची यादी वाचावी तसं, ‘होड्या पडल्या पालथ्या.’ माझेच शब्द, माझ्याच घाबरट चढउतारांत. हसू थांबलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तिच्या मुलीचं तोंड आपल्या अंगात लपवलं.

मग मी माईकचं बटण बंद केलं. वाटलं, आता तरी हा थांबेल आणि कुणीतरी त्याला नेईल.

तो थांबला. कानावर हात ठेवला. वाट बघितली. मग हळूच, माईकमध्ये, अख्ख्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाला, “हॅलो? आहेस का?”

कुणी हललं नाही.

“कुठे गेलीस? आत्ता तर बोलत होतीस.”

तो वळला आणि शोधायला लागला. ड्रमच्या मागे, अँप्लिफायरच्या मागे, वाकून वाकून. आर्विडने वाजवणं थांबवलं. डेल पडद्यापर्यंत आला, पडदा बाजूला केला आणि मी समोर. इतक्या जवळून त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला.

त्याने मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि मला विचारलं, “इथे एक बाई होती. पाहिलीत का तुम्ही?”

जोनेल वर चढली. तिने त्याच्या कानातून तो बारीक स्पीकर काढला, खाली फेकला, आणि त्याला धरून पायऱ्या उतरवल्या. लोकांनी वाट करून दिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मी सगळ्या गोठ्यांना वळसा घालून गाडीकडे गेले.

१८ ऑगस्ट

कुणाचा फोन नाही. मी केला तर जोनेल उचलत नाही.

तो घरभर शोधायचा ती आई नव्हती.

२ सप्टेंबर

आर्विडचा फोन. मला वाटलं, डेलबद्दल असेल. तो म्हणाला, डुलुथचा एक तरुण गायक मिळालाय, आवाज बराचसा डेलसारखाच. सप्टेंबरच्या तारखा ठरलेल्याच आहेत, लोकांनाही गाणीच हवी असतात. “तुझं काम पडणार नाही आता. पोराची स्मरणशक्ती फक्कड आहे.”

“डेल कसा आहे?”

“जायचंय एकदा,” तो म्हणाला. “जमलं नाही.” मग म्हणाला, “मार्लिस, तूच म्हणाली होतीस ना, जमेल म्हणून.”

मी फोन ठेवला. लेरॉय सगळं ऐकत होता. मला वाटलं आता बोलेल, ‘सांगितलं होतं ना.’ त्याने फक्त माझ्यापुढे सूपचा वाडगा सरकवला. बोलला असता तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर

शाळा सुरू. बसमध्ये रेडिओ लावला नाही. एका मुलीने विचारलं, “मिसेस कोस्की, आज गाणी नाहीत?” मी म्हटलं, बिघडलाय.

११ ऑक्टोबर, रविवार

जोनेलनेच बोलावलं. फोनवर म्हणाली, “पुढच्या आठवड्यात त्याला डुलुथच्या शुश्रूषा केंद्रात ठेवतेय. मला एकटीला उचलवत नाही आता. तुला बघायचा असेल तर ये.” मी रडायला लागले, तर म्हणाली, “रड, पण इथे येऊन नको. आणि एक अट आहे. दारातून आत आल्यापासून जाईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाहीस.”

मी विचारलं नाही का. तरी तिने सांगितलं. “त्याचा कान बघशील तेव्हा कळेल.”

लेरॉयने नेलं. तो बाहेर ट्रकमध्येच थांबला.

डेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले, अंगाने अर्धा राहिलेला. उजव्या कानाला पट्टी. नखांनी खणून खणून आत शोधतो म्हणे. हातांत लोकरीचे मोजे घातलेत ते त्यासाठी. बाईचा आवाज आला, रेडिओवर, रस्त्यावर, की पुन्हा सुरू होतं. म्हणून जोनेलसुद्धा आता त्याच्याशी खुणांनीच बोलते. स्वतःच्या घरात.

मी समोर बसले. डोक्यात त्याचं प्रत्येक गाणं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. निदान नाव सांगावं, माफी मागावी, असं इतकं आतून आलं की मी दातांनी जीभ धरून ठेवली. जोनेल ओट्याशी पाठ करून उभी होती. खांदे हलत होते.

डेल माझ्याकडे बराच वेळ बघत होता, पाहुण्याकडे बघावं तसं, सौजन्याने. मग जोनेलला म्हणाला, “ह्या बाईंना बोलता येत नाही का?”

जोनेल वळली. माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, नाही.

“बरं आहे,” तो म्हणाला.

त्याने मोजे घातलेल्या दोन्ही हातांनी अक्रोडाच्या रोलची बशी माझ्याकडे ढकलली. मी एक तुकडा घेतला. मी खाईपर्यंत तो बघत राहिला, आणि संपल्यावर खिडकीकडे वळला. मग मी उठले.

लेरॉयने ट्रक सुरू केला. “काय म्हणाला?” त्याने विचारलं. मी तोंड उघडलं, पण गाव संपेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही. मग त्यानेही विचारलं नाही.